घंटागाडी पालापाचोळ्याचं पोतं दारातच सोडून जाते? आधी कारण ओळखा

दर फाल्गुनात आमच्या गल्लीत एकच तक्रार सुरू होते. कडुनिंबाची पानं गळायला लागतात, सकाळी अंगण झाडून होतं, पोतं भरून फाटकाशी ठेवलं जातं. घंटागाडी येते, घरातले दोन डबे रिकामे करते आणि पोतं जिथल्या तिथे ठेवून पुढे जाते. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात पोत्यांची रांग लागते, बकऱ्या ती फाडतात, वारा पानं गटारीत नेतो, आणि एखाद्या संध्याकाळी कोणीतरी त्याला काडी लावतो. पावसाळ्यात हाच प्रकार गवताच्या बाबतीत होतो, श्रावणात कानबाईच्या उत्सवानंतर केळीच्या खांबांचा, दिवाळीत झेंडूचा.

मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावात राहते. अंगणात मोठा कडुनिंब आहे, देशी बदाम आहे, लिंबू, कण्हेर, कुंपणावर बोगनवेल, आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळीची चार-पाच झाडं. गाडीवाल्यांशी मी बरीच वर्षं वाद घातला. एके दिवशी वाद न घालता नुसतं विचारलं, की भाऊ, हे पोतं का नाही घेत? त्याने पोतं एका हाताने हलवून दाखवलं आणि म्हणाला, "मावशी, वझं भलतंच भारी शे." मग तळहात पुढे केला. "अन काल हातले काटा लागना." दोन वाक्यांत दोन कारणं, आणि दोन्ही माझ्या अंगणातली.

तेव्हापासून मी परत आलेलं प्रत्येक पोतं उघडून पाहते. कारण दर वेळी वेगळं असतं आणि उपायही वेगळा. खाली ती कारणं ज्या क्रमाने माझ्या लक्षात आली त्याच क्रमाने लिहिते. तुमचं पोतं कशात बसतं ते पाहा.

"पानं तर सुकी आहेत, मग सुक्या कचऱ्यात का घेत नाहीत?"

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून यावर जरा थांबते. गाडीला दोन कप्पे असतात, हिरवा ओल्या कचऱ्याचा आणि निळा सुक्याचा. चैत्रातली कडुनिंबाची पानं हातात चुरली तर पीठ होतं, इतकी ती कोरडी. त्यामुळे माणूस सहज ती निळ्या कप्प्याकडे नेतो आणि गाडीवाला नको म्हणतो. तो बरोबर असतो. कचऱ्याच्या भाषेत 'ओला' याचा अर्थ पाण्याने भिजलेला असा नाही, कुजणारा असा आहे. 'सुका' म्हणजे कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा, जे भंगारात विकलं जातं किंवा कारखान्यात परत वापरलं जातं ते. वाळलेलं पान कितीही कुरकुरीत असलं तरी ते कुजणारंच. ते निळ्या कप्प्यात गेलं की त्याचा चुरा पुठ्ठ्यात आणि कागदात मिसळतो, वेचणाऱ्या बायांना तो हाताने झटकत बसावा लागतो आणि मालाचा भाव पडतो. माझ्या मते डब्यांवर पहिल्यापासून 'कुजणारा' आणि 'न कुजणारा' असे शब्द लिहिले असते तर निम्मा गोंधळ झालाच नसता.

आता कुजणारं आहे म्हणून हिरव्या कप्प्यात घालू म्हटलं तर तिथेही अडचण आहे. स्वयंपाकघरातला ओला कचरा घट्ट आणि जड असतो, तर पानं फुगीर असतात. आमच्याकडे गाडी म्हणजे छोटा हत्ती. चार घरांची पानं घेतली की कप्पा भरतो आणि पुढच्या गल्लीतल्या भाज्यांच्या सालींना जागा उरत नाही. म्हणूनच २०१६ च्या घनकचरा नियमांत बागेतल्या कचऱ्याचा वेगळा उल्लेख होता: तो घरमालकाने आपल्याच आवारात वेगळा साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल त्याप्रमाणे द्यायचा. म्हणजे रोजच्या गाडीत, रोजच्या डब्याबरोबर तो जाईल असं गृहीतच धरायचं नाही.

उपाय साधा आहे. प्रभागातल्या आरोग्य निरीक्षकाला किंवा मुकादमाला एकदा भेटून तीन गोष्टी विचारा. बागेचा कचरा कोणत्या वारी घेता? पोत्यात हवा की मोकळा? फांद्यांसाठी वेगळा ट्रॅक्टर येतो का? हे फोनवर विचारण्यापेक्षा सकाळी हजेरीच्या वेळी समोर विचारलेलं चांगलं, कारण ज्याच्या हातात त्या दिवसाची गाडी असते तो तिथे भेटतो. आमच्या गल्लीत हे विचारायला आम्ही चौघी गेलो होतो. आठवड्यातला एक दिवस ठरला आणि निम्मी पोती त्याच महिन्यात उठली. उरलेली निम्मी पुढच्या कारणांमुळे राहिली.

पोतं जड का होतं

पाणी आणि माती. दुसरं काही नाही.

पाण्याचं आधी. झाडाखाली सडा टाकून मग झाडायची आपली सवय आहे. धूळ उडू नये म्हणून ती चांगलीच आहे, पण सड्यानंतर गोळा केलेली पानं ओलीच पोत्यात जातात. शिवाय पोतं तोंड बांधून ठेवलं की आतली ओल बाहेर येत नाही. दोन दिवसांनी मधोमध हात घालून पाहा, गरम लागेल आणि आंबूस वास येईल. कापलेलं हिरवं गवत तर एका रात्रीत तापतं. असं पोतं उचललं की तळातून काळं पाणी गळतं आणि उचलणाऱ्याच्या अंगावर येतं.

आपल्याकडे यावर फुकटचं औषध आहे. खानदेशचं ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवेत ओल नावाला नसते. पानं गच्चीवर किंवा अंगणाच्या उघड्या भागात बोटभर जाडीने पसरा आणि दुपारी एकदा दाताळ्याने परता. उन्हाळ्यात एका दिवसात ती खडखडीत होतात. भादव्यात तीन-चार दिवस लागतात आणि रात्री वर ताडपत्री टाकावी लागते. वाळल्यावर पोत्यात भरून पायाने तुडवा. चुरा होतो आणि जिथे तीन पोती लागायची तिथे एकात काम होतं. तुडवण्याची सोय फक्त वाळलेल्या पानांना आहे. ओली पानं तुडवली तर त्यांचा लगदा होतो आणि अडचण वाढते.

आता माती. खराट्याने झाडलं की पानांबरोबर वरची माती, खडी, विटांचे तुकडे, सगळं येतं. आपली काळी माती ओली असली तर पानाला चिकटून बसते. पोत्याच्या वजनात तिचा वाटा मोठा असतो. पण वजनापेक्षा वाईट गोष्ट पुढे खतप्रकल्पावर होते. तिथे पाला यंत्रात घालून बारीक करतात, आणि त्यात अर्धी वीट गेली तर पाती मोडतात. म्हणून पानं गोळा करायला दाताळं वापरा. दाताळं वरची पानं ओढतं आणि माती खाली सोडतं. दाताळं नसेल तर बांधकामावर वाळू चाळायची जाळी असते ना, ती भिंतीला तिरकी लावून तिच्यावर पानं टाका आणि हलवा. माती खाली पडते. ती कुंड्यांना घाला, उत्तम असते.

दाताळ्याचं आणखी एक कारण आहे. चार दिवस पडून राहिलेल्या ढिगात हात घालू नका. विंचू हमखास असतो, आणि पावसाळ्यात फुरसं किंवा मण्यार असू शकते. आधी ढीग लांब दांड्याने हलवायचा, मग उचलायचा. मुलांना हे काम सांगू नका.

फांद्यांचं वेगळं आहे

छाटणी झाली की आपण फांद्या तशाच ओढत रस्त्यावर आणून टाकतो. हातात येईल तशी, पानांसकट, आडवी-तिडवी. अशा फांद्या एकमेकींत अडकतात. गाडीत घातल्या की डबा अर्धा हवेने भरतो, आणि प्रकल्पावर डबा मागे कलवला तरी आतला माल घसरून खाली पडत नाही. कोणाला तरी वर चढून तो ओढून काढावा लागतो. म्हणून फांद्या पाहिल्या की गाडी थांबतच नाही.

मोळी बांधा. आपल्या आज्या रानातून सरपण आणायच्या तशी. सगळ्या फांद्या दोन हात लांबीच्या, म्हणजे साधारण तीन फुटांच्या करा. जाड बुंधे एका बाजूला घ्या. आधी दोन-तीन दिवस तसंच पडू द्या म्हणजे पानं आपोआप झडतात, ती पोत्यात भरा, आणि नुसत्या काड्यांची मोळी बांधा. दोन ठिकाणी बांध द्या, एकच दिला तर मोळी कात्रीसारखी उघडते. वजन इतकंच ठेवा की तुम्हाला ती एकट्याने कमरेपर्यंत उचलता येईल. तुम्हाला उचलत नसेल तर दिवसभरात शेकडो घरं करणाऱ्याला कशी उचलेल?

बांधायला सुतळी घ्या, किंवा केळीच्या खोडाची वाळलेली साल पाण्यात भिजवून वापरा. ती चिवट असते आणि मोळीबरोबर कुजून जाते. नायलॉनची दोरी, पतंगाचा मांजा, तार, साडीची किनार, यांतलं काहीही नको. नायलॉन यंत्राच्या फिरत्या दांड्याला गुंडाळलं जातं, आणि मग यंत्र बंद करून कोणीतरी ते कोयत्याने कापत बसतं.

मनगटापेक्षा जाड लाकूड मोळीत घालू नका. ते बाजूला ठेवा, थंडीत बंबाला लागतं. आपल्याला नको असेल तर मागणारे खूप आहेत. बारीक वाळलेल्या काटक्या भरताच्या वांग्यांना राहू द्या. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, मिळाल्या नाहीत तर लिंबाच्या किंवा पेरूच्या काटक्यांवर वांगी चांगली भाजतात.

पण इथे एक गोष्ट मनापासून सांगते. कण्हेरीची काडी चुलीत, भरताला, बंबात, होळीत, कुठेही घालू नका. कण्हेरीच्या पानापासून मुळापर्यंत सगळ्यात विष असतं, ते थेट हृदयावर परिणाम करतं आणि तिचा धूरही बाधतो. बकरीने थोडी पानं खाल्ली तरी ती मरू शकते, आणि वाळल्यावरही विष जात नाही. आपल्याकडे घराघरात कण्हेर आहे आणि रस्त्यावर मोकळी जनावरंही आहेत. कण्हेर छाटली की तिची पानं-फांद्या रस्त्यावरच्या ढिगात कधीच टाकू नका. वेगळ्या पोत्यात घट्ट बांधा, फाटकाच्या आत ठेवा, गाडी आल्यावर हातात द्या आणि तोंडाने सांगा की यात कण्हेर आहे. नंतर हात साबणाने धुवा. शेराच्या किंवा त्रिधारी निवडुंगाच्या चिकाचंही असंच, तो डोळ्यात गेला तर डोळा भयंकर सुजतो.

झाडच तोडायचं असेल तर शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. त्याच अर्जाच्या वेळी लाकूड आणि फांद्या कोण नेणार हेही ठरवून घ्या. नाहीतर झाड एका दिवसात आडवं होतं आणि त्याचा ढीग दिवाळीपर्यंत दारात राहतो. पावसाळ्याआधी वीजतारांखालच्या फांद्या छाटल्या जातात तेव्हाही असंच होतं. छाटणारे आले की तिथेच उभं राहून त्यांना फांद्या लहान करून द्यायला सांगा. त्यांच्या हातात तेव्हा कोयता असतो, तुमच्याकडे नंतर नसतो.

काटे

बोगनवेल, लिंबू, बोर, बाभूळ. यांचा एक काटा पोत्यातून बाहेर आला की त्या घराचं पोतं पुढचे सहा महिने कोणी हातात घेत नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. हातमोजे असले तरी बाभळीचा काटा त्यांतून आरपार जातो.

काटेरी फांद्या पोत्यात भरायच्याच नाहीत. त्या आधी उन्हात पूर्ण वाळवा, मग वीतभर तुकडे करा आणि जुन्या पत्र्याच्या डब्यात किंवा जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, वरून 'काटे' असं मोठ्या अक्षरात लिहा. मला स्वतःला दुसरा उपाय जास्त आवडतो: काटे बाहेर देऊच नका. नवीन लावलेल्या रोपांभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण करण्याची आपल्या शिवारातली रीत अंगणातही चालते. आमच्या शेवग्याच्या रोपाला बोगनवेलीच्या काट्यांनीच बकऱ्यांपासून वाचवलं.

केळीचं खोड

घड उतरला की ते झाड पुन्हा फळत नाही, ते कापावंच लागतं. आणि कापलेलं खोड कोणी उचलत नाही, कारण त्यात सुमारे नव्वद टक्के पाणी असतं. वीस किलोचं खोड म्हणजे अठरा किलो पाणी आणि दोन किलो धागा. ते गाडीत घालणं म्हणजे पाण्याची वाहतूक करणं.

खोड उभं चिरा, साली सोलून वेगळ्या करा आणि उन्हात टाका. उन्हाळ्यात आठवडाभरात त्या कागदासारख्या होतात. किंवा चार बोटं जाडीच्या चकत्या करून तिथेच केळीच्या बुंध्याशी पसरा. त्यात पालाश भरपूर असतं, शेजारच्या पिलांना, म्हणजे बुंध्यातून फुटलेल्या नव्या रोपांना, ते थेट मिळतं. माझ्या घरातून गेल्या तीन वर्षांत केळीचं एकही खोड बाहेर गेलेलं नाही. सणाचे खांब मात्र एक-दोन दिवसांत सोला, नाहीतर दारातच ते सडायला लागतात आणि चिलटं येतात.

फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. रावेर-यावलच्या पट्ट्यात सीएमव्ही या विषाणूने केळीच्या बागांचं मोठं नुकसान केलेलं आहे. तुमच्या अंगणातल्या केळीच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले, नवं पान वेडंवाकडं आलं किंवा पोंगा (मधलं न उमललेलं पान) सडला, तर ते झाड मुळासकट काढा आणि आपल्याच आवारात खोल खड्ड्यात पुरा. ते आच्छादनाला वापरू नका आणि गावाबाहेरच्या ढिगावरही टाकू नका. मावा त्याच्यावर बसतो आणि रोग शेजारच्या शेतात नेतो. अंगणातली चार झाडं आपल्यासाठी हौस असतात, पण बांधापलीकडे कोणाचं तरी वर्षाचं पीक उभं असतं.

गाजरगवत

पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटवरून अंगणात येतं. ते १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा पुण्यात दिसलं आणि आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे, यावरून त्याचं बी किती पसरतं ते कळतं. पांढरी फुलं येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना, मुळासकट उपटा. अंगभर कपडे, हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच, कारण अनेकांना त्याने खाज आणि दमा होतो. फूल नसलेलं गवत वाळवून खतात चालतं. फुलं आलेलं चालत नाही, घरच्या खड्ड्यात बी मरेल इतकी उष्णता सगळीकडे पोचत नाही. ते पोत्यात बंद करा आणि वेगळं द्या.

पोतंच फाटतं

सिमेंटची किंवा खताची पांढरी विणलेली पोती सगळ्यांच्या घरात असतात आणि आपण तीच वापरतो. उन्हात दोन-तीन महिने राहिली की ती ठिसूळ होतात आणि उचलताना कानाशी फाटतात. त्यांचे बारीक प्लास्टिकचे धागे पानांत मिसळतात आणि मग खतातून ते कोणत्याच चाळणीने निघत नाहीत. महाराष्ट्रात नगरपालिकांच्या चांगल्या कंपोस्टला 'हरित महासिटी कंपोस्ट' या नावाने शेतकऱ्यांपर्यंत न्यायची योजना आहे. त्या खतात असे धागे दिसले तर शेतकरी ते घेणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

किराणा दुकानातून तागाची जुनी बारदानं मागून आणा. आणि पोतं देऊन टाकू नका, गाडीत रिकामं करून परत घ्या. यासाठी तोंड शिवायचं नाही, फक्त दुमडून ठेवायचं. मोकळं तोंड असल्यावर गाडीवाल्याला आत काय आहे ते दिसतं. आम्ही हे सुरू केल्यापासून त्याने एकदाही पोत्यात हात घालून तपासलेलं नाही. पोत्यात खाली डायपर, मधे भाजी आणि वर पानं असा प्रकार बऱ्याच घरांतून होतो, म्हणून तो बांधलेल्या पोत्यावर विश्वास ठेवत नाही. एकदा विश्वास बसला की काम सोपं होतं.

निर्माल्यातल्या झेंडूच्या माळांचा दोरा ओढून काढा. आंब्याच्या तोरणातली तार आणि सुतारकामाचे खिळेही.

जाळून टाकलं तर?

नका जाळू. आमच्या शेजारच्या आक्कांना दमा आहे. फाल्गुन-चैत्रात गल्लीत दोन ठिकाणी पानं पेटली की त्यांची रात्र बसून जाते, मी ती पाहिलेली आहे. पाला भडकून जळत नाही, धुमसत राहतो आणि रात्रभर धूर देतो. आपल्या उन्हाळ्यातल्या वाऱ्याने ठिणगी कडब्याच्या गंजीपर्यंत सहज जाते. झाडाखालीच पेटवलं तर साल आणि वरची मुळं भाजतात. कायद्यानेही मनाई आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरायला लावण्याचा आदेश दिलेला आहे.

मुळात बाहेर द्यायचंच किती?

इथवरची सगळी कारणं सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की दोन-तृतीयांश पाला बाहेर देण्याची गरजच नाही. वैशाखात आपली काळी जमीन हाताच्या रुंदीने भेगाळते, आणि त्याच्या दोनच महिने आधी झाड स्वतःची पानं खाली टाकतं. तीच पानं लिंबू, पेरू, सीताफळाच्या आळ्यात दोन-तीन इंच पसरली तर पाणी टिकतं. खोडाला मात्र चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर उधई (वाळवी) चढते. पंधरा दिवसांनी एकदा पानं बाजूला करून पाहावं.

खत करायचं तर उन्हाळ्यात ढीग नको, खड्डा करा. ढीग आपल्या हवेत दोन दिवसांत वाळतो, मग नुसत्या मुंग्या आणि उधई येते आणि पानं वर्षभर तशीच राहतात. तीन फूट लांब-रुंद, अडीच-तीन फूट खोल खड्डा, सावलीत, घराच्या पायापासून आणि बोअरपासून लांब. तीन टोपली वाळलेली पानं, एक टोपली स्वयंपाकघरातला कचरा किंवा हिरवं गवत, वर पातळ शेणकाला आणि मूठभर माती, असे थर द्या. पानांत कर्ब जास्त आणि नत्र कमी असतं, ओल्या कचऱ्यात उलट. कर्बाचं आणि नत्राचं प्रमाण साधारण तीसास एक असं जुळलं की कुजणं वेग घेतं. पानं आधी तुडवून चुरलेली असतील तर फार फरक पडतो, विशेषतः देशी बदामाची आणि आंब्याची. ती मेणचट असतात आणि अख्खी टाकली तर वर्षभर कुजत नाहीत.

ओल कशी पाहायची? मूठ भरून घट्ट दाबा. बोटांतून एखादा थेंब आला तर ठीक. धार लागली तर जास्त, काहीच नाही आलं तर पाणी हवं. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात खतासाठी पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न मलाही होता. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी पुरतं, वर भिजलेलं बारदान टाकलं की तेही कमी लागतं. अमोनियाचा उग्र वास आला तर पानं वाढवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त झालंय, खालीवर करून हवा द्या. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, तेव्हा जमिनीवर ढीग करून ताडपत्री घालावी. तीन-चार महिन्यांत खत होतं.

गल्लीत मोकळी जागा असेल तर सगळ्यांनी मिळून खतासाठी नाडेपचा हौद बांधता येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी तो रूढ केला, नाडेप हे नाव त्यांच्याच नावावरून आलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीच्या विटांत हवेसाठी भोकं. एका घरासाठी तो फार मोठा होतो, दहा घरांना बरोबर.

आणि जून-जुलैतल्या निंबोळ्या कचऱ्यात टाकू नका. पोत्यात गेल्या की चिकट आंबतात आणि पोतं पुन्हा जड होतं. वेगळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवल्या तर कापूसवाले शेतकरी आनंदाने नेतात. पाच किलो निंबोळीची पूड आणि शंभर लिटर पाणी, असा पाच टक्क्यांचा अर्क ते फवारतात.

सगळं नीट केलं आणि त्या दिवशी गाडी आलीच नाही

हे होतं. गाडी बिघडते, सण येतो, माणूस आजारी पडतो. पोतं आदल्या रात्री बाहेर ठेवू नका, सकाळी घंटा ऐकू आल्यावर ठेवा. गटारीच्या जाळीवर, चेंबरच्या झाकणावर किंवा विजेच्या खांबाला टेकवून नको. दुपारपर्यंत गाडी आली नाही तर पोतं आत घ्या, तोंड उघडं ठेवा आणि सावलीत उभं करा. मोळी भिंतीला उभी टेकवा. पावसाळा असेल तर पोतं विटांवर ठेवा, खाली ओल धरत नाही, आणि ढिगात नारळाची करवंटी, फुटकी कुंडी किंवा वाटीसारखं वळलेलं बदामाचं पान राहिलं नाही ना ते पाहा. त्यात चमचाभर पाणी साचलं तरी डेंग्यूचा डास अंडी घालतो. मुकादमाला त्याच दिवशी कळवा, आठवड्याने नाही. आमच्याकडे पुढची फेरी मग तिसऱ्या दिवशी येते, आणि पोतं तोवर कोरडंच असतं.